मॅक्लारेन सावरली कशी?

डिसेंबर २०२२मध्ये आंद्रेआ स्टेला मॅक्लारेन या फॉर्म्युला वन संघाचे प्रमुख झाले. २०२३च्या सुरुवातीला संघाच्या गाड्या मागे रखडत होत्या. २०२४मध्ये मात्र १९९८नंतरचं पहिलं सांघिक विजेतेपद मिळालं. हे एकट्या माणसाचं काम? नाही. गाडीभोवतीचा वारा तपासणारा वोकिंग इथल्या संघाच्या मुख्यालयातला नवा विंड टनेल २०२३मध्ये सुरू झाला, पण तो बांधायचं ठरलं स्टेला प्रमुख होण्याआधी. तोवर चाचण्या जर्मनीत कोलोनला होत. स्टेलांनी तांत्रिक संचालकाचं एकच पद मोडून वायुगतिकी, गाडीची संकल्पना आणि अभियांत्रिकी अशी जबाबदारी तिघांत वाटली. हे फार मोलाचं होतं. २०१५पासून ते मॅक्लारेनमध्येच असल्याने कोण कशात तरबेज, हे त्यांना ठाऊक होतं. तरीही टनेल आधी ठरला नसता, तर यश इतक्या लवकर आलं नसतं, असं मला वाटतं.