गाडीची वही कोणाच्या हाती?

11 मार्च 2011 च्या भूकंपाने आणि त्सुनामीने जपानमधल्या सेंदाईच्या आसपासचे रस्ते उखडले. मदतीचे ट्रक न्यायचे कोणत्या वाटेने? दुसऱ्याच दिवशी होंडाने एक नकाशा खुला केला. भूकंपानंतर ज्या रस्त्यांवरून गाड्या खरोखर गेल्या होत्या, ते त्यात रेषांनी दाखवले होते. ही माहिती होंडाची इंटरनावी ही दिशादर्शक सेवा घेतलेल्या ग्राहकांच्या गाड्यांनीच पाठवली होती.

तेव्हा ‘माहिती पाठवणं वगैरे हे सगळं हल्लीच्या महागड्या गाड्यांचं’ हा पहिला गैरसमज. गाड्या पंधरा वर्षांपूर्वीही बोलत होत्या, आणि त्या दिवशी बोलल्या ते बरेच झाले. पण रस्ता चालू आहे हे सांगणारी रेषा, तुम्ही कोणाच्या दारी थांबलात हेही सांगू शकते.

‘नाव-पत्ता नाही ना? मग काय बिघडलं?’

टोयोटाने मे 2023 मध्ये कबुली दिली, की क्लाउडच्या चुकीच्या सेटिंगमुळे जपानमधल्या सुमारे 21.5 लाख ग्राहकांच्या गाड्यांची माहिती नोव्हेंबर 2013 पासून एप्रिल 2023 पर्यंत बाहेरून पाहता येण्याजोगी होती. चासी नंबर, आणि गाडी केव्हा कुठे होती ते. एवढ्यावरून माणूस ओळखता येत नाही, असे कंपनीचे म्हणणे. मला ते पटत नाही. रोज रात्री एकाच दारात आणि दिवसभर एकाच ऑफिसखाली उभ्या राहणाऱ्या गाडीचा मालक शोधायला नाव कशाला हवे?

‘कोर्टात खेचू, भरपाई घेऊ.’

टोयोटाला जपानच्या वैयक्तिक माहिती संरक्षण आयोगाने जुलै 2023 मध्ये सुधारणेच्या सूचना दिल्या, दंड नाही. ग्राहकांच्या वतीने सामूहिक दावा लावण्याच्या जपानी कायद्यात मनस्तापाची भरपाई ऑक्टोबर 2023 पर्यंत बसतच नव्हती. आणि कोर्टात जिंकलात तरी? बेनेसे या शिक्षण कंपनीतून 2014 मध्ये मुलांची माहिती फुटली. त्या खटल्यात टोकियो उच्च न्यायालयाने 2020 मध्ये माणशी 3,300 येन दिले. दोन हजार रुपयांच्या आसपास! ओसाकात तर 1,000 येनच.

‘आपल्याकडे आता 250 कोटींचा दंड आहे.’

आहे, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात. पण तो कमाल आकडा, आणि पैसे जातात सरकारी तिजोरीत. गाडीमालकाला भरपाई देण्याची सोय त्यात नाही. उलट माहिती तंत्रज्ञान कायद्यातले भरपाईचे 43अ कलम काढून टाकण्याची तरतूद आहे. खोटी किंवा फालतू तक्रार केलीत, तर मात्र तुम्हालाच 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.