चुकीच्या घडीचं विरजण

प्रोटीन म्हटलं की आपल्याला काय आठवतं? मुलांच्या डब्यातली मोड आलेली मटकी, डॉक्टरांनी सांगितलेलं रोजचं एक अंडं, नाहीतर टीव्हीवरच्या जाहिरातीतली पावडर. म्हणजे प्रोटीन हे चांगलंच, जेवढं पोटात जाईल तेवढं बरं! पण आपल्याच शरीराने तयार केलेलं प्रोटीन एक दिवस आपल्या मेंदूवर उलटतं, असं कुणी सांगितलं तर? खोटं वाटेल ना? आमच्या चारकोपमधल्या एका घरावर ही वेळ आली, तेव्हा मी हा विषय मुळापासून समजून घ्यायचं ठरवलं.

चारकोप म्हणजे कांदिवली पश्चिमेची मोठी वसाहत. १९८०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने म्हाडाने इथे प्लॉट पाडले. मध्ये अंगण आणि भोवती घरं, अशा इथल्या कितीतरी सोसायट्या. त्यामुळे एका घरातलं दुखणं सगळ्या अंगणाला कळतं. अशाच एका घरातल्या साठीच्या काकू बघता बघता बदलल्या. आधी चालताना तोल जायला लागला, मग नातवंडांची नावं आठवेनात, मग बसल्या जागी अंग दचकायला लागलं. तीन महिन्यांत त्यांनी अंथरूण धरलं. डॉक्टरांनी निदान केलं ‘सीजेडी’, म्हणजे क्रॉइट्झफेल्ड-जेकब डिसीज. हा प्रिऑनचा रोग.

नाव कळलं आणि अंगणात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं, हा ‘मॅड काऊ’ रोग आहे. कुणी म्हणालं, करणी केलीय. शेजारच्या मुलांचं त्या घरी जाणं बंद झालं. सुनेला हळदीकुंकवाचं बोलावणं येईना. ती मला म्हणाली, “ताई, सासूबाईंचं सगळं मी करीन हो, पण बायका माझ्याकडे अशा बघतात, जशी काही मीच रोग घेऊन फिरतेय.”

घडी बिघडते म्हणजे काय?

मैत्रिणींनो, आपल्या पेशींमध्ये हजारो प्रकारची प्रोटीन्स असतात. प्रत्येक प्रोटीन तयार होतं ते एखाद्या लांबलचक माळेसारखं. पण माळ नुसती लांब राहून उपयोग नाही. तिची ठरलेल्या पद्धतीने घडी पडली तरच ती काम करते. नऊवारी लुगडं नऊ वारच असतं, पण नीट नेसलं तरच त्यात चालता येतं, तसंच हे. नव्या नवरीला नऊवारी नेसवताना निऱ्या धरायला एखादी काकू-मावशी लागते. पेशीतही अशी मदतनीस प्रोटीन्स असतात, त्यांना ‘शॅपरॉन’ म्हणतात. तरीही एखादी घडी चुकली, तर पेशी ते प्रोटीन मोडून टाकते. वय वाढलं की ही साफसफाई मंदावते.

अंडं उकडलं की पातळ पांढरा बलक घट्ट होतो. त्यातलं प्रोटीन तेच असतं, फक्त त्याचा आकार बदलतो. आणि उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही!

प्रिऑनची गोष्ट याच्याही पुढची. आपल्या सगळ्यांच्या मेंदूत प्रिऑन नावाचं एक प्रोटीन असतंच. क्वचित एखाद्या माणसात त्याची घडी चुकते, आणि हे चुकलेलं प्रोटीन शेजारच्या चांगल्या प्रोटीनलाही आपल्यासारखं वळण लावतं. ते पुढच्याला, तो त्याच्या पुढच्याला. चमचाभर विरजण पातेलंभर दुधाचं दही करतं ना, अगदी तसं. फरक एवढाच की विरजणात जिवंत जिवाणू असतात, इथे जिवंत काहीच नाही. जंतू नाही, विषाणू नाही. हळूहळू मेंदूच्या पेशी मरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली मेंदू स्पंजसारखा सच्छिद्र दिसतो.

अमेरिकेतल्या स्टॅनली प्रुसिनर यांनी १९८२ साली हे मांडलं, ‘प्रिऑन’ हा शब्दही त्यांचाच. जिवंत नसलेली गोष्ट रोग कसा पसरवेल, म्हणून अनेक शास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढलं. १९९७ मध्ये त्यांनाच नोबेल मिळालं.

बायकांचं ऐकलं तेव्हा

करणीचा संशय काही चारकोपपुरता नाही. पापुआ न्यू गिनी या देशातल्या फोरे जमातीत १९५०च्या दशकात ‘कुरू’ नावाच्या रोगाने माणसं मरत होती, आणि त्यात सर्वांत जास्त बायका आणि मुलं होती. काही वस्त्यांत बायकाच उरल्या नाहीत. लोक म्हणायचे, ही चेटूक करणाऱ्यांची करणी. शास्त्रज्ञांना वाटलं, रोग आनुवंशिक असेल. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला शर्ली लिंडेनबॉम ही मानववंशशास्त्रज्ञ आणि तिचा सहकारी रॉबर्ट ग्लास तिथे राहिले. कोण कधी गेलं, अंत्यविधी कसा झाला, हे त्यांनी घराघरांतून विचारून घेतलं. गेलेल्या माणसाचा देह प्रेमाने खाण्याची तिथे प्रथा होती, आणि मेंदू बहुधा बायका-मुलांच्या वाट्याला यायचा. सरकारी बंदीनंतर १९६०च्या सुमारास ही प्रथा थांबली आणि हळूहळू कुरूही संपत गेला. बायकांच्या बोलण्यातला धागा धरल्यामुळे केवढं कोडं सुटलं, बघा!

‘मॅड काऊ’ची गोष्ट वेगळी. ब्रिटनमध्ये गायींच्या खाद्यात मेलेल्या जनावरांच्या मांस-हाडांचा भुगा घालत. त्यातून गायींमध्ये हा रोग पसरला. १९८६ मध्ये तो ओळखला गेला, आणि असं गोमांस खाणाऱ्या काही माणसांनाही तो झाल्याचं १९९६ मध्ये जाहीर झालं. काकूंना झालेला सीजेडी हा नव्हे. हा सीजेडी दरवर्षी दहा लाखांत एक-दोघांना होतो. बहुतेकांना तो काही कारण नसताना, आपोआप होतो. दहा-पंधरा टक्के रुग्णांत तो आनुवंशिक असतो. बरेचसे रुग्ण वर्षभरात जातात, आणि त्यावर आजही औषध नाही.

पवई, कुलाबा, पुणे

हे संशोधन फक्त परदेशातच चालतं असं नाही. प्रिऑनची घडी नेमकी कुठे आणि कशी चुकते, याचा डॉ. जयंत उदगावकर यांनी अनेक वर्षं अभ्यास केलाय. २००० सालचा भटनागर पुरस्कार मिळालेले हे शास्त्रज्ञ बंगळुरूच्या एनसीबीएसमध्ये होते, पुढे पुण्याच्या आयसरचे संचालक झाले. आमच्यापासून जवळच, पवईच्या आयआयटीत डॉ. समीर माजी यांचा गट पार्किन्सन्समधल्या ‘अल्फा सिन्युक्लिन’ या प्रोटीनच्या गुठळ्या कशा होतात ते शोधतो. कुलाब्याच्या टीआयएफआरमध्ये डॉ. सुदीप्त मैती यांच्या प्रयोगशाळेत अल्झायमर्समधल्या ‘अमायलॉइड बीटा’वर काम झालंय.

मग सीजेडी दहा लाखांत एखाद्याला होत असेल तर आपण हे का वाचायचं? कारण अल्झायमर्स आणि पार्किन्सन्स हीदेखील चुकलेल्या घडीचीच दुखणी आहेत. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासानुसार भारतात साठीपुढच्या सुमारे ८८ लाख लोकांना डिमेन्शिया आहे, आणि त्याचं प्रमाण पुरुषांपेक्षा बायकांत जास्त आहे. आपण त्याला ‘म्हातारचळ’ म्हणून हसण्यावारी नेतो!

विरजणाचाच गुण वापरून आता तपासणीही निघाली आहे. रुग्णाच्या पाठीतलं पाणी घेऊन त्याचा थेंब चांगल्या प्रोटीनमध्ये टाकतात. त्याचं ‘दही’ लागलं, म्हणजे चुकीच्या घड्या पडू लागल्या, की सीजेडीचं निदान जवळपास पक्कं होतं.

लेक शास्त्रज्ञ झाली

अमेरिकेतल्या सोनिया वल्लभ या भारतीय वंशाच्या मुलीची गोष्ट मला विसरता येत नाही. २०१० मध्ये तिची आई आनुवंशिक प्रिऑन रोगाने गेली. २०११ मध्ये तपासणी केल्यावर कळलं, आईचा तो दोष तिच्यातही आहे. सोनिया होती कायदा शिकलेली. रडत बसण्याऐवजी तिने वकिली सोडली, नवऱ्यानेही आपलं काम सोडलं, आणि दोघं मिळून विज्ञान शिकायला लागले. २०१९ मध्ये दोघांनी हार्वर्डमधून पीएच.डी. केली. मेंदूतलं प्रिऑन प्रोटीनच कमी केलं तर चुकीची घडी पडायला मालच उरणार नाही, हा त्यांचा मार्ग. २०२४च्या सुमारास अशा एका औषधाच्या माणसांवरच्या चाचण्या सुरू झाल्या. यश मिळेल की नाही, काळच ठरवेल.

आमच्या काकू मात्र गेल्या. त्याआधी महिला मंडळाच्या बैठकीत मी विरजणाची ही गोष्ट सांगितली. पुढच्या आठवड्यात दोघीजणी त्या घरी बसायला गेल्या, एकीने सुनेला दोन तास झोपायला पाठवलं. औषध नसलेल्या रोगात घरातल्या बाईला एवढी तरी विश्रांती मिळायला हवी. तेवढं तर आपल्या हातात आहे ना?

हे लक्षात ठेवा

• सीजेडी, अल्झायमर्स किंवा पार्किन्सन्स हे रुग्णाला हात लावल्याने, भरवल्याने, एका घरात राहिल्याने होत नाहीत. पेला-ताट वेगळं काढू नका.

• सीजेडीचा धोका असतो तो मेंदूच्या शस्त्रक्रियेची उपकरणं आणि मेंदूतल्या ऊतींपासून. प्रिऑन नुसत्या उकळण्याने जात नाही. म्हणून रुग्णाच्या कुठल्याही शस्त्रक्रियेआधी डॉक्टरांना हे निदान आवर्जून सांगा.

• विसरणं, तोल जाणं, अंग दचकणं हे काही आठवड्यांत झपाट्याने वाढत असेल तर देवऋषी नको, मेंदूविकारतज्ज्ञ गाठा. झपाट्याने होणारा प्रत्येक विसराळूपणा सीजेडी नसतो. थायरॉइड, ब-१२ची कमतरता, मेंदूची सूज यांवर उपचार आहेत.

• पार्किन्सन्सच्या रुग्णांसाठी आणि घरच्यांसाठी मुंबईची पीडीएमडीएस आणि पुण्याचं पार्किन्सन्स मित्रमंडळ काम करतात.