आरोग्य शिक्षणाची फलश्रुती कशी मोजावी?

आषाढात मालवण तालुक्यातील मळ्यांतून भाताची लावणी सुरू झाली की स्त्रिया दिवसभर चिखलात वाकून उभ्या असतात. कणकण आली तर डब्यातील एखादी गोळी चहाबरोबर घ्यायची आणि पुन्हा तरवा लावायला उतरायचे, असा क्रम पुष्कळ घरी आढळतो. परंतु सिंधुदुर्ग जिल्ह्यात लेप्टोस्पायरोसिसची भीतीही याच दिवसांतली. उंदीर, गुरे यांच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून, पायांवरील जखमांवाटे त्याचे जंतू शरीरात शिरतात. वेदनाशामक गोळीने ताप उतरतो, जंतू तसेच राहतात आणि उपचाराचे मोलाचे दिवस हातचे जातात. काही वेदनाशामके तर मूत्रपिंडालाही अपायकारक असतात.

दुसरी गोळी चतुर्थीची. घरात गणपती असताना ‘अडचण’ नको म्हणून पाळी लांबविणारी संप्रेरकाची गोळी शेजारणीच्या सांगण्यावरून घेतली जाते. पूर्वी रक्ताची गुठळी झालेल्या किंवा यकृताचा विकार असलेल्या स्त्रीस ती धोक्याची असते. सणाच्या घाईत याची चौकशी कोण करणार?

या सवयी मोडण्यासाठी महिला मेळावे व आशा सेविकांच्या गृहभेटी होतात. त्यांचे मूल्यमापन उपस्थितीच्या आकड्यावर थांबून भागणार नाही. ‘डॉक्टरांना न विचारता औषध घ्यावे काय?’ या प्रश्नाला बैठकीत सर्वजणी ‘नाही’ म्हणणारच. त्याऐवजी मागच्या तापात पहिल्या दिवशी काय केले, गोळी कोठून आणली, कितव्या दिवशी दवाखाना गाठला, हे विचारावे. आणि ते शिकविणाऱ्या व्यक्तीने विचारू नये, कारण तिला दुखवायचे नाही म्हणून सोयीचे उत्तर मिळते. हीच विचारपूस कार्यक्रमापूर्वी, नंतर, तसेच कार्यक्रम न झालेल्या तशाच एखाद्या गावातही व्हावी. लावणी आटोपल्यावर अंगदुखीच्या गोळ्यांचा खप आपोआप घटतो. तुलनेचे गाव नसेल तर ते श्रेय फुकट मेळाव्याच्या पदरी पडेल.

येथे एक पेचही आहे. लेप्टोच्या प्रतिबंधासाठी आरोग्य खाते जोखमीच्या शेतकऱ्यांना डॉक्सिसायक्लीन देते, गरोदर स्त्रियांना लोहाच्या गोळ्या देते. ‘मनाने गोळी घेऊ नका’ याचा अर्थ ‘गोळीच नको’ असा झाला, तर कागदावर यशस्वी ठरलेल्या कार्यक्रमाने नुकसानच केले. उलट, आपल्याला मिळालेली डॉक्सिसायक्लीन गरोदर जावेला देणेही योग्य नव्हे. तेव्हा कोणती गोळी सुटली याबरोबर कोणती चालू राहिली, हेही नोंदवावयास हवे.

स्त्रिया दवाखाना का टाळतात, हा प्रश्न राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीतही पुढे आला होता. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीत दोन गावांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग आढळले. त्यासाठी पूर्वी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के होत्या. बुडणारी मजुरी, परतीची एस.टी., पुरुष डॉक्टरांसमोरचा संकोच, यांपैकी कोणती अडचण कोणत्या वाडीत आहे, हे मेळाव्याच्या हजेरीपटावरून कळत नाही. पाहणीच्या तक्त्यात ‘दवाखान्यात का गेला नाहीत?’ या प्रश्नापुढे मोकळ्या ओळी ठेवाव्यात आणि ती उत्तरे ग्रामसभेपुढे वाचावीत.