हलक्या गाडीस एंजिन कोणतें?

घरीं शर्यती थाटाची मोटार बांधूं पाहणारा तरुण बहुधा प्रथम मोठें एंजिन शोधतो. वस्तुतः विचारास आरंभ वजनापासून करावा. सारख्याच त्वरेनें वेग घ्यावयाचा, तर वजन निम्में केलें असतां शक्तीही जवळजवळ निम्मीच पुरते. उलट, जड एंजिन घेतलें कीं सांगाडा, स्प्रिंगा व ब्रेक हींही भक्कम घ्यावीं लागतात. असें वजनानें वजन वाढतें. शिवाय मोठें एंजिन मंद चालविलें तर त्याच्या स्वतःच्या घर्षणांतच पुष्कळ पेट्रोल व्यर्थ जातें.

इंग्लंडांत विशीच्या उंबरठ्यावरील कॉलिन चॅपमन यांनीं १९४८ सालीं जुन्या ऑस्टिन सेव्हनवरून आपली पहिली गाडी उभारली. पुढें १९५७ सालीं त्यांनीं काढलेल्या लोटस सेव्हनमध्यें फोर्डचें ११७२ घनसेंटिमीटरचें साधें एंजिन बसवीत. शक्ति सुमारें ४० अश्वशक्ति. परंतु गाडी ५०० किलोहून हलकी, म्हणून चपळ. तेंच एंजिन सामान्य कुटुंबांच्या गाड्यांत असल्यामुळें सुटे भागही स्वस्त मिळत.

तात्पर्य, गांवचा मिस्त्री दुरुस्त करूं शकेल असें लहान, प्रचारांतलें एंजिन निवडावें. काटकसर ब्रेकांत मात्र करूं नये. धांवणाऱ्यानें आधीं ओझें टाकावें, मग बळ मागावें.