निर्णय घेणारा मेंदूच जेव्हा रुग्ण होतो

गिर्यारोहणातील मृत्यू म्हटला की हिमवादळ किंवा कडेलोट डोळ्यांसमोर येतो. १० मे १९९६ रोजी एव्हरेस्टवर वादळ झाले, हे खरेच. तथापि त्या दिवसाचे वृत्तांत वाचताना मला भूलतज्ज्ञ या नात्याने आणखी एक कारण दिसते, ते म्हणजे प्राणवायूवाचून मंदावलेला मानवी मेंदू. रक्तातील प्राणवायूवर नजर ठेवणे हाच माझा व्यवसाय असल्याने त्या अंगाने ही घटना वाचकांसमोर मांडतो.

समुद्रसपाटीवर हवेचा दाब पाऱ्याच्या ७६० मिलिमीटर इतका असतो. एव्हरेस्टच्या माथ्यावर १९८१ मध्ये तो प्रत्यक्ष मोजला, तेव्हा २५३ भरला. हवेतील प्राणवायूचे प्रमाण तेथेही सुमारे २१ टक्केच असते. घटतो तो दाब. २००७ मध्ये ब्रिटिश डॉक्टरांच्या एका पथकाने ८,४०० मीटर उंचीवर आपल्याच चौघा सदस्यांचे धमनीतील रक्त तपासले. प्राणवायूचा दाब सरासरी २४.६ मिलिमीटर निघाला. एकाचा तर अवघा १९.१. असा अहवाल अतिदक्षता विभागात हाती आला, तर आपण कृत्रिम श्वसनाची तयारी करू. तेथे मात्र याच अवस्थेत माणसे चालतात, आणि जीवन-मरणाचे निर्णयही घेतात.

१९९६ च्या त्या मोहिमेत न्यूझीलंडचे रॉब हॉल आणि अमेरिकेचे स्कॉट फिशर यांचे दोन संघ एकाच दिवशी नेपाळच्या बाजूने चढत होते. दुपारी एक, फार तर दोन वाजता, असाल तेथून माघारी फिरावे, असे आधी बोलणे झाले होते. दोर लावण्यास उशीर झाला, वाटेत गर्दी झाली, आणि ती वेळ टळली. डग हॅन्सन यांना हॉल यांनीच आदल्या वर्षी शिखराजवळून परत फिरवले होते. या वेळी ते चारच्या सुमारास माथ्यावर पोचले आणि हॉल त्यांच्यासाठी थांबले. दोघेही परतले नाहीत. फिशर, अँडी हॅरिस आणि यासुको नाम्बा यांचाही अंत झाला. त्याच दिवशी तिबेटच्या बाजूने चढणारे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाचे त्सेवांग समनला, दोर्जे मोरूप व त्सेवांग पालजोर हेही गेले. एकूण आठ जीव.

उलट हॉल यांच्याच संघातील तिघे सकाळी साडेअकराच्या सुमारास माघारी वळले आणि वाचले. त्यांतील दोघे डॉक्टर होते : कॅनडाचे हृदयरोगतज्ज्ञ स्टुअर्ट हचिसन आणि एक ऑस्ट्रेलियन भूलतज्ज्ञ.

त्याच संघातील डॅलसचे विकृतिशास्त्रज्ञ बेक वेदर्स यांनी पूर्वी डोळ्यांचा नंबर घालवण्यासाठी रेडियल केराटोटॉमी करून घेतली होती. अशा चिरा दिलेल्या कॉर्नियाचा आकार प्राणवायूअभावी बदलतो. त्यांना दिसेनासे झाले. हॉल परत येईपर्यंत थांबण्याचा शब्द देऊन ते तासन्‌तास बसून राहिले. रात्री वादळात ते आणि नाम्बा साउथ कोलवर, सुमारे ७,९०० मीटर उंचीवर, उघड्यावर पडले. सकाळी हचिसन शेर्पांसह त्यांच्यापर्यंत पोचले. दोघांचा श्वास जेमतेम चालू होता. वाचण्याची आशा नाही आणि उचलून नेण्याइतके बळ कोणातही नाही, असे ठरवून त्यांना तेथेच सोडावे लागले. त्याच दुपारी वेदर्स स्वतः उठले आणि तंबूकडे चालत आले! पुढे नेपाळी सैन्याच्या हेलिकॉप्टरने त्यांना खाली आणले. उजवा हात कोपराखाली, डाव्या हाताची बोटे आणि नाक गमावूनही ते जगले.

हचिसन यांना दोष देण्यास माझे मन धजत नाही. १९९९ मध्ये नॉर्वेत बर्फाखाली अडकलेल्या आना बोगेनहोल्म या डॉक्टर महिलेच्या शरीराचे तापमान १३.७ अंश सेल्सिअसपर्यंत उतरले होते. तरी त्या वाचल्या, कारण हृदय-फुप्फुस यंत्र असलेले रुग्णालय हेलिकॉप्टरच्या टप्प्यात होते. साउथ कोलवर ना यंत्र, ना उष्णता. आणि निदान करणारा डॉक्टरही प्राणवायूवाचून अर्धवट शुद्धीत. मात्र गारठलेल्या रुग्णाविषयीचा आपला अंदाज म्हणजे अंतिम निकाल नव्हे, एवढे आपण व्यावसायिकांनी ध्यानी ठेवावे.

आपल्या मंडळींपैकी एव्हरेस्टला क्वचितच कोणी जाईल. पण लेह, केदारनाथ येथे अनेक जण जातात, आणि त्या स्थळांची उंची सुमारे साडेतीन हजार मीटर आहे. विमानाने लेहला उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्यावी. ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची दररोज ५०० मीटरहून अधिक वाढवू नये. डोकेदुखी, मळमळ असताना वर चढू नये. तोल जाऊ लागला किंवा बोलणे असंबद्ध झाले, तर त्वरित खाली उतरावे. अशा वेळी ‘मला काही होत नाही’ हे रुग्णाचे म्हणणे प्रमाण मानू नये. कोणत्या लक्षणावर परत फिरायचे, हे घरीच, मेंदू ताळ्यावर असताना, सोबत्यांशी ठरवून कागदावर लिहून ठेवावे. आणि वर गेल्यावर त्यावर चर्चा न करता ते पाळावे.