न भरणारी जखम

बोट कापले की ती जागा लाल होते, सुजते, ठणकते. हा दाह. पांढऱ्या पेशी तेथे धावून येतात व इंटरल्यूकिन-६ सारखे संदेशरेणू सोडतात. पेशी वाढतात, नव्या रक्तवाहिन्या फुटतात, जखम भरते आणि संदेश थांबतात.

स्तनाच्या कर्करोगात मात्र ते अनेकदा थांबत नाहीत. गाठीतील पेशी ते स्वतःच्या वाढीसाठी राबवतात. म्हणूनच हॅरोल्ड ड्वोरॅक यांनी १९८६ मध्ये गाठीला 'न भरणारी जखम' म्हटले.

मग दाहशामक गोळीने भागेल का? नाही. अमेरिका व कॅनडातील ३,०२० रुग्णांना ॲस्पिरिनचा उपयोग झाला नाही, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. उलट, मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या पुढाकाराने भारतातील ११ केंद्रांत झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेच्या ७ ते १० मिनिटे आधी गाठीभोवती लिग्नोकेन टोचले. घावामुळे उठणारे संदेश त्याने दबतात, असा तर्क आहे. पाच वर्षांनंतर अशा ९०.१ टक्के स्त्रिया हयात होत्या, इतरांत ८६.४ टक्के (२०२३). संदेश कोठे व केव्हा रोखतो, याला महत्त्व आहे.

आपण शिक्षकांनी आणखी एक गोष्ट सांगायला हवी. जखम ठणकते, पण स्तनातील कर्करोगाची गाठ बहुधा दुखत नाही. दुखत नाही म्हणून थांबू नये. डॉक्टरांना लगेच दाखवावे.