जत्रेतला रहाटपाळणा फिरतो कशावर? वाफेच्या इंजिनापासून डिझेल जनरेटरपर्यंतची गोष्ट, आणि पोरांना बसवण्याआधी काय बघायचं

चैत्र संपत आला की वज्रेश्वरीकडे जाणारे रस्ते भरायला लागतात. भिवंडी तालुक्यातलं, तानसा नदीकाठचं हे गाव एरवी दर्शन आणि गरम पाण्याच्या कुंडांसाठी ओळखलं जातं. पण चैत्र वद्य चतुर्दशीपासून वैशाख शुद्ध प्रतिपदेपर्यंत इथे देवीची जत्रा असते आणि अमावस्येचा दिवस मुख्य. भिवंडी, वसई, वाडा, शहापूर अशा सगळ्या बाजूंनी घरंच्या घरं येतात. आजीला दर्शन घ्यायचं असतं, आईला बांगड्या बघायच्या असतात आणि पोरांना फक्त एकच गोष्ट दिसत असते. लांबूनच दिसणारा, दिव्यांनी लखलखणारा पाळणा.

मग तिकीट काढायच्या रांगेत उभं राहिल्यावर बापाच्या डोक्यात एक प्रश्न येतोच. हे एवढं मोठं धूड परवा इथे नव्हतं, चार दिवसांनी इथे नसेल. मग हे उभं कसं राहतं, फिरतं कशावर, आणि ह्यात पोराला बसवावं का?

नावातच उत्तर आहे

आपण आज त्याला आकाशपाळणा म्हणतो, पण जुना शब्द रहाटपाळणा. रहाट म्हणजे विहिरीतलं पाणी उपसायचं चाक. आडव्या आसावर उभं फिरणारं चाक, त्याला पोहऱ्यांऐवजी पाळणे टांगले की झाला रहाटपाळणा. म्हणजे ही काही परदेशातून आयात झालेली कल्पना नाही. लाकडाचे, चार-सहा पाळण्यांचे, माणसांनी हाताने फिरवायचे असे रहाट आपल्याकडच्या गावजत्रांत पिढ्यानपिढ्या लागत आले आहेत. तुर्कस्तानच्या सुलतानाच्या मुलखातही असे पाळणे होते. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने १६२० मध्ये आजच्या बल्गेरियात ते पाहून त्याचं वर्णन लिहून ठेवलंय.

हाताने फिरवायच्या पाळण्याला एक मर्यादा होती. माणसाच्या दंडात जेवढी ताकद, तेवढाच पाळणा मोठा. ही मर्यादा तोडली वाफेने.

जत्रेत वाफ आली कुठून?

इंग्लंडमध्ये १८६० च्या दशकात शेतीची अवजारं बनवणाऱ्या कारागिरांनी वाफेचं इंजिन थेट जत्रेत आणलं. किंग्ज लिन गावचा फ्रेडरिक सॅव्हेज हा त्यातला सगळ्यात गाजलेला. लाकडी घोड्यांचं जे चक्र आपण मेरी-गो-राउंड म्हणून ओळखतो, त्याच्या बरोबर मध्यभागी त्याने बॉयलर आणि इंजिन बसवलं. धुराडं चक्राच्या शेंड्यातून वर. घोडे वरखाली उड्या मारतात, तेही त्याच इंजिनाच्या जोरावर.

पुढे त्या शतकाच्या शेवटाकडे आणखी एक चलाख यंत्र आलं. रस्त्यावर चालणारं वाफेचं इंजिन, ज्याच्या नाकाडावर डायनॅमो बसवलेला. हे इंजिन पाळण्याचं सामान गावोगाव ओढून न्यायचं आणि जत्रेत पोचलं की जागेवर उभं राहून वीज तयार करायचं. ज्या खेड्यांत घरात दिवा नव्हता, तिथल्या लोकांनी विजेचा पहिला झगमगाट जत्रेत पाहिला तो ह्यामुळे. आज आपल्या जत्रेत पाळण्यामागे जो जनरेटर धडधडत असतो, तो ह्याच इंजिनाचा नातू समजा.

आणि सगळ्यात मोठा रहाट? तो १८९३ च्या शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात उभा राहिला. जॉर्ज फेरिस ह्या इंजिनिअरचं चाक सुमारे ८० मीटर उंच होतं. त्याला ३६ डबे, एकेका डब्यात ६० माणसं, म्हणजे एका वेळी २,१६० लोक. फिरवायला १,००० अश्वशक्तीचं वाफेचं इंजिन, आणि ते बिघडलं तर बाजूला तसंच दुसरं तयार. फेरिस तीन वर्षांतच वारला आणि चाक १९०६ मध्ये मोडीत निघालं, पण जगभर पाळण्याला त्याचं नाव चिकटलं ते कायमचं.

इंग्लंडमध्ये हे सगळं अजून जिवंत ठेवलंय. उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी मैदानांवर जुनी वाफेची इंजिनं आणि त्यांच्यावर चालणारे पाळणे मांडले जातात आणि लोक लेकराबाळांसह दिवस घालवायला जातात. डॉर्सेट परगण्यातला असा मेळा १९६९ मध्ये सुरू झाला आणि जगात नावाजला गेला. आपल्याकडे गंमत उलटी आहे. आपली जत्रा कुणी जपून ठेवलेली नाही, ती आपोआप जिवंत आहे. वाफ मात्र गेली.

भिवंडीतून वाफ खरंच गेली का?

रुळांवरून गेली. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला देशातली पहिली प्रवासी गाडी आली, ती साहिब, सिंध आणि सुलतान ह्या तीन वाफेच्या इंजिनांनी ओढली होती. ठाणे म्हणजे भिवंडीकरांचं शेजारचं गाव. वर्षभरात, मे १८५४ मध्ये, रूळ कल्याणपर्यंत पोचले. पण मुंबईच्या आसपास विजेची गाडी १९२५ मध्येच आली आणि कोळशाचा धूर हळूहळू मागे पडला. देशभरात ब्रॉडगेजवरची वाफेची नियमित गाडी १९९५ पर्यंत टिकली.

जत्रा आणि वाफ ह्यांची महाराष्ट्रातली खरी जोडी जमली ती मात्र सोलापूरकडे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंजिनिअरने बांधलेली बार्शी लाइट रेल्वे १८९७ मध्ये सुरू झाली आणि १९०६ मध्ये पंढरपूरला पोचली. अडीच फुटी रुळांवरची ती छोटी गाडी वारकऱ्यांना घेऊन कित्येक वर्षं धावत राहिली.

भिवंडी शहरात मात्र वाफ आजही कामावर आहे. यंत्रमागावर जाण्याआधी सुताला खळ लावून ते वाळवावं लागतं. हे काम सायझिंगच्या कारखान्यात होतं आणि तिथे बॉयलर असतो. कापड रंगवणाऱ्या डाइंगमध्येही असतो. म्हणजे जत्रेला जाणाऱ्या कितीतरी भिवंडीकरांचा रोजचा संबंध वाफेशी आहे, फक्त ती चाकं फिरवत नाही, सूत वाळवते.

इथे वज्रेश्वरीला जाणारी चौकस पोरं हमखास एक प्रश्न विचारतात. अकलोलीच्या कुंडात पाणी आपोआप गरम असतं, मग त्यावर इंजिन का चालत नाही? उत्तर सोपं आहे. गरम असणं पुरेसं नाही, दाब लागतो. पाण्याची वाफ झाली की ते सुमारे सोळाशे-सतराशे पट जागा मागतं. बॉयलरमध्ये ती जागा द्यायचीच नाही, कोंडून ठेवायचं, म्हणजे दाब वाढतो. मग ती वाफ सिलिंडरमध्ये सोडली की दट्ट्या ढकलला जातो, दट्ट्या दांड्याला ढकलतो, दांडा चाक फिरवतो. काम झालेली वाफ धुराड्यातून झटक्याने बाहेर पडते, तेव्हा जो आवाज येतो तो आपला छुक-छुक. कुंडातलं पाणी उघड्यावर आहे आणि उकळतही नाही, त्यामुळे त्याने फक्त अंग शेकतं.

आजचा पाळणा कसा फिरतो?

बहुतेक जत्रांत मागे डिझेलचा जनरेटर आणि पाळण्याला विजेची मोटर असते, किंवा डिझेल इंजिन थेट जोडलेलं असतं. मोटर चाकाच्या आसाला फिरवत नाही, तसं करायला फार ताकद लागेल. ती चाकाच्या घेराला फिरवते. कुठे घेरावरून तारेचा दोर गेलेला असतो, कुठे रबरी टायर घेराला घासत फिरतो. सायकलचं चाक तुंबा धरून फिरवून बघा आणि मग टायर धरून फिरवून बघा, फरक लगेच कळेल.

वाफेच्या इंजिनाची एक खुबी होती. ते बंद अवस्थेतून, पूर्ण वजन घेऊन, हळूच सुरू होऊ शकतं. डिझेल इंजिनाला हे जमत नाही, त्याला आधी फिरत ठेवून मग क्लचने जोडावं लागतं. म्हणून डिझेलवरचे जुने पाळणे सुरू होताना जो हिसका बसतो तो बसतो.

आणखी एक गोष्ट लोकांना खटकते. पाळण्यावाला माणसं सलग का बसवत नाही? एक पाळणा भरतो, मग अर्धा फेरा फिरवून समोरचा भरतो. पोरं कंटाळतात, आयाबाया वैतागतात. पण हा खरं तर चांगल्या पाळण्यावाल्याचा पुरावा आहे. सगळं वजन एका बाजूला आलं तर चाक स्वतःहून खाली ओढलं जातं आणि ब्रेकवर सगळा ताण येतो. समोरासमोर वजन ठेवलं की मोटरला फक्त घर्षणाशी झगडावं लागतं.

मग धोका कुठे असतो?

लोकांना वाटतं उंचीत. उंचीपेक्षा जास्त धोका जोडणीत असतो. कायमच्या बागेतला पाळणा एकदा उभा राहतो. जत्रेतला पाळणा वज्रेश्वरीत उभा राहतो, उतरतो, ट्रकवर चढतो आणि पुढच्या गावी पुन्हा उभा राहतो. प्रत्येक वेळी त्याच खिळा, तेच बोल्ट, तीच भोकं. भोकं हळूहळू मोठी होतात, वेल्डिंगला बारीक भेगा जातात. लोखंड एका झटक्यात थकत नाही, हजारो फेऱ्यांत थकतं, आणि तुटेपर्यंत बाहेरून धडधाकट दिसतं. जुलै २०१९ मध्ये अहमदाबादच्या कांकरियात फिरत्या झुल्याचा दांडा तुटून दोघांचा जीव गेला, कितीतरी जण जखमी झाले. सप्टेंबर २०२२ मध्ये मोहालीच्या मेळ्यात उंच नेऊन खाली सोडणारा झुला थेट जमिनीवर आदळला.

इथे बॉयलरची तुलना डोळे उघडणारी आहे. १८६३ मध्ये कलकत्त्यात बॉयलरचा मोठा स्फोट झाला, माणसं मेली, आणि पुढच्याच वर्षी बंगालमध्ये कायदा आला. १९२३ मध्ये देशभरासाठी कायदा झाला, २०२५ मध्ये त्याची जागा नव्या कायद्याने घेतली. सायझिंगच्या बॉयलरला नोंदणी लागते, ठरावीक मुदतीत सरकारमान्य तपासणी लागते, प्रमाणपत्र लागतं. जत्रेतल्या पाळण्यासाठी असा स्वतंत्र केंद्रीय कायदा नाही. भारतीय मानक ब्युरोची मानकं आहेत, पण परवानगीचं काम पोलीस, स्थानिक प्रशासन आणि विजेची तपासणी करणारी यंत्रणा ह्यांच्यात वाटलेलं असतं. चार दिवसांच्या जत्रेत ते किती काटेकोर होतं हे गावागणिक बदलतं. सूत वाळवणाऱ्या यंत्राला जी शिस्त आहे ती पोरं बसतात त्या यंत्राला नाही, हे जरा विचित्रच म्हणायचं.

तिकीट काढण्याआधी दोन मिनिटं

इंजिनिअर असायची गरज नाही. एक पूर्ण फेरी बाहेर उभं राहून बघा. चाक सरळ फिरतंय की डावीउजवीकडे डुलतंय? खाली लाकडी ठोकळ्यांवर टेकवलेलं असेल तर ते फेरीबरोबर हलतात का? ठोकळे असणं चूक नाही, उंचसखल जमिनीवर ते लागतातच, पण त्यांनी हलता कामा नये. एकसुरी कुरकुर चालेल. दर फेरीला त्याच जागी येणारा ‘खट्’ असा आवाज आला तर पुढे चला.

पाळण्याचा आडवा दांडा बघा. त्याची खीळ बसल्यावर तिच्यात पिन घातलेली हवी. पिनऐवजी वाकवलेला खिळा किंवा तारेचा तुकडा दिसला, तर तोच हिशेब बाकीच्या जोडांवरही लावला असणार असं समजायला हरकत नाही. चालवणारा माणूस ब्रेकजवळ आहे की मोबाइलमध्ये, हेही बघा. जनरेटरपासून येणारी वायर पायाखालून, पाण्यातून गेलीय का? पाळण्याच्या लोखंडाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर रांगेतून बाहेर या आणि बंदोबस्तावरच्या पोलिसाला सांगा.

दांडा आणि पोराचं पोट ह्यांत मोठी फट राहत असेल तर ते पोर त्या पाळण्यासाठी लहान आहे, मग ते कितीही रडो. लहान भावंडाला मांडीवर घेऊन बसणं आपल्याकडे सर्रास चालतं, पण हिसका बसला की मांडीवरचं पोर हातातून सुटतं. त्याच्यासाठी जमिनीलगतचं घोड्यांचं चक्र आहे. आणि चैत्र-वैशाखात वळवाचा पाऊस सांगून येत नाही. वारा सुटला की उंच पाळणा थांबवायलाच हवा. मालक थांबवत नसेल तर आपण उतरावं.

वाफेचं इंजिन पोरांना दाखवायचं असेल तर?

भिवंडीहून कल्याण आणि तिथून कर्जत किंवा खोपोली लोकलने नेरळ. १९०७ मध्ये आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली माथेरानची दोन फुटी रेल्वे इथून सुटते. तिची जर्मनीत बनलेली छोटी इंजिनं १९८२ पर्यंत वाफेवर चालली. डोंगरातली वळणं इतकी तीव्र की पुढची आणि मागची चाकं थोडी सरकू शकतील अशी खास रचना त्यांना होती. त्यातलं एक नेरळला मांडून ठेवलंय. त्याच्यासमोर उभं राहून पोराला सिलिंडर, दांडा आणि चाक बोटाने दाखवता येतं, जे चालत्या इंजिनात कधीच नीट दिसत नाही. आता गाडी डिझेलवर धावते. पावसाळ्यात, साधारण जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत, नेरळहून वर जाणारी सेवा बंद असते आणि अमन लॉज ते माथेरान एवढीच शटल चालते, त्यामुळे तारीख बघूनच निघा.